पाठ फिरविणारे प्रकाशक
ज्या मालाला उठाव नाही तो दुकानदार पुन्हा भरीत नाही. परंतु व्हिडिओ गेमच्या त्रयस्थ, म्हणजे यंत्र स्वतः न बनविणाऱ्या, प्रकाशकाची अडचण त्याहून बिकट, कारण एकाच खेळाचे प्रत्येक यंत्रासाठी निराळे रूपांतर, त्याची तपासणी आणि यंत्राच्या मालकाचे परवाना-शुल्क, हा बहुतेक खर्च गिऱ्हाईक येण्यापूर्वीच होऊन बसतो.

निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१२ मध्ये आणलेल्या ‘वी यू’ या खेळयंत्राची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. आधीच्या ‘वी’ने दहा कोटींचा पल्ला ओलांडला होता; ‘वी यू’ची अखेरपर्यंतची विक्री सुमारे १ कोटी ३६ लाख. त्यातच २०१३ च्या अखेरीस आलेल्या प्रतिस्पर्धी यंत्रांची अंतर्रचना परस्परांशी मिळतीजुळती, पण हिच्याहून भिन्न, म्हणून रूपांतराचा बोजा वाढला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशकाने चार खेळांनंतर हात आखडता घेतला. युबिसॉफ्टने तर केवळ हिच्यासाठी योजलेला, हिचा हातात धरायचा पडदा डोळ्यांपुढे ठेवून घडविलेला ‘रेमन लेजेंड्स’ फेब्रुवारीवरून सप्टेंबर २०१३ पर्यंत लांबविला आणि इतर यंत्रांवरही विकला. मला त्याचीच हळहळ अधिक वाटते. खेळ नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून खेळ नाहीत, अशा पेचात सापडलेल्या या यंत्राचे उत्पादन जानेवारी २०१७ अखेर थांबले.