सावकाश चालणाऱ्या सायकलस्वाराला हेल्मेट कशाला?

गोरेगावच्या आरे वसाहतीतील रस्त्यावर रविवारी पहाटे हेल्मेट घातलेले अनेक सायकलस्वार दिसतात. आमच्याकडे रोज सायकलवरून येणारा पाववाला मात्र उघड्या डोक्यानेच येतो. त्याला विचारले, तर म्हणाला, "साहेब, मी कुठे शर्यत लावतो?"

युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण भौतिकशास्त्राला तो मान्य नाही. सायकल कलंडली की डोके जमिनीवर किती जोरात आपटेल, हे मुख्यतः डोक्याच्या उंचीवर ठरते. ही उंची सुमारे दीड मीटर धरा. v² = 2gh या परिचित सूत्राने आपटण्याचा वेग सेकंदाला 5.4 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 19 किलोमीटर येतो. सायकल जागच्या जागी उभी असली तरीही!

आता हा वेग किती अंतरात शून्य होतो ते पाहू. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले, की डोक्याला बसणारे मंदन g च्या किती पट आहे ते सरळ मिळते. (विद्यार्थ्यांकडून सिद्ध करून घ्यावे, दोन ओळींचे काम आहे.) उघडे डोके समजा 5 मिलिमीटरमध्ये थांबले, तर 300 पट. हेल्मेटच्या थराने आणखी 20 मिलिमीटर मिळवून दिले, तर 60 पट.

हा थर थर्मोकोलच्या जातीचा असतो. वर्गात थर्मोकोलचा तुकडा अंगठ्याने दाबा, खळगा तसाच राहतो. स्पंज पुन्हा फुगतो, म्हणजे घेतलेली बरीच ऊर्जा परत करतो. थर्मोकोल ती चिरडण्यातच खर्च करतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट, वरून धड दिसले तरी, टाकून द्यावे.

मात्र हेल्मेटकडून भलत्या अपेक्षा नकोत. युरोपीय मानकात सपाट पृष्ठभागावरची चाचणी होते तीच मुळी सेकंदाला 5.42 मीटर या वेगाने. पश्चिम द्रुतगती मार्गावर ताशी 50 किलोमीटरने येणाऱ्या मोटारीची धडक ही सुमारे 10 मीटर उंचीवरून पडण्यासारखी. तिथे दोन सेंटिमीटर थर्मोकोल बिचारा काय करणार? नेदरलँड्समध्ये बहुतेक लोक हेल्मेटविना सायकल चालवतात, कारण तिथे सायकलींना जागोजागी वेगळे मार्ग आहेत. उलट, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 1990 मध्ये हेल्मेट सक्तीचे केले. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटची सक्ती साध्या सायकलीला लागू नाही.

माझ्या मते, मोटारींपासून वाचवणे हे रस्त्याचे काम आणि कलंडण्यापासून वाचवणे हे हेल्मेटचे. पाववाल्याला मी हे सांगितले. तो हसला आणि त्याने हेल्मेटची किंमत विचारली.