चेहऱ्याचा शूळ आणि शस्त्रक्रियेचें दीर्घकालीन फळ

तोंडावर पाण्याचा हबका मारावा, दांत घासावयास घ्यावे, गालावर वस्तरा फिरवावा किंवा खिडकींतून येणाऱ्या वाऱ्याची एक झुळूक लागावी, आणि त्याच क्षणीं गालांतून वीज चमकून गेल्यासारखी कळ यावी. ती कांहीं सेकंदांत ओसरावी, पण पुन्हां केव्हां येईल या धास्तीनें घांस तोंडांत तसाच राहावा, अशी ज्याची स्थिति होते त्याचें दुःख घरच्या माणसांसहि नीट कळत नाहीं. बाहेरून पाहावें तर सूज नाहीं, जखम नाहीं. कळ बहुधा एकाच बाजूच्या गालांत किंवा जबड्यांत येते, म्हणून प्रथम संशय दाढेवर जातो. आणि चांगल्या दाढा एकामागून एक उपटून झाल्या तरी कळ होती तेथेंच राहते, हा अनुभव पुष्कळांच्या वांट्यास आला आहे.

या रोगास इंग्रजींत ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात. मराठींत त्रिशाखी मज्जातंतूचा शूळ म्हणतां येईल. मेंदूशीं जोडलेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकीं पांचवी जोडी चेहऱ्याचें स्पर्शज्ञान मेंदूकडे नेते. तिची एक शाखा कपाळ व डोळा, दुसरी गाल व वरचा जबडा आणि तिसरी खालचा जबडा सांभाळते. रोग नवा नाहीं. सुश्रुतानें शिरोरोगांत सांगितलेला अनंतवात तो हाच, असें कांहीं वैद्य मानतात. प्रसिद्ध तत्त्वज्ञ जॉन लॉक हा वैद्यहि होता; १६७७ सालीं पॅरिस येथें इंग्रज वकिलाच्या पत्नीस झालेल्या अशाच विकाराचें त्यानें केलेलें वर्णन आजहि वाचावयास मिळतें.

१९६२ पासून कार्बामॅझेपीन हें औषध प्रचारांत आलें आणि बहुतेकांस प्रथम त्यानेंच गुण येतो. परंतु वर्षें लोटतात तशी मात्रा वाढवावी लागते, झोंप व भोंवळ येऊं लागते, आणि कांहींचा शूळ औषधासहि जुमानीनासा होतो. मग प्रश्न उरतो तो शस्त्रक्रियेचा.

जुन्या शस्त्रवैद्यांचा विचार सरळ होता: जो मज्जातंतु दुःख आणतो तो तोडून टाकावा. १९०१ मध्यें फिलाडेल्फिया येथें फ्रेझिअर यानें या मज्जातंतूचें मूळच कापलें व ती पद्धत पुढें बरींच वर्षें चालली. शूळ थांबे, पण चेहऱ्याची ती बाजू जन्माची बधिर होई. गालाच्या आंत अन्न अडकलें तरी कळत नसे. डोळ्यांत कण गेला तरी जाणवत नसे, त्यामुळें बुबुळास इजा होण्याची भीति राही. क्वचित् प्रसंगीं याहूनहि विलक्षण आपत्ति ओढवे. बधिर झालेला भागच रात्रंदिवस जळत राही, आणि त्या दुःखावर उपाय सांपडणें मूळ रोगापेक्षांहि कठीण.

मग बाल्टिमोर येथील वॉल्टर डँडी याच्या ध्यानांत एक गोष्ट आली. कानामागच्या बाजूनें कवटी उघडून मज्जातंतूच्या मुळाशीं पाहतां, पुष्कळ रोग्यांत एखादी रक्तवाहिनी त्यावर टेकलेली दिसे. १९३४ सालीं त्यानें आपल्या २१५ रोग्यांच्या आधारें हेंच शूळाचें कारण असावें असें मांडलें. त्या वेळीं तें फारसें कोणी मनावर घेतलें नाहीं. सूक्ष्मदर्शक लावून शस्त्रक्रिया करणें शक्य झालें तेव्हां, १९६६ च्या सुमारास, पीटर जॅनेटा या तरुण अमेरिकन शस्त्रवैद्यानें तो धागा पुन्हां हातीं घेतला. विजेच्या तारांवरील वेष्टण झिजलें म्हणजे एका तारेंतील प्रवाह शेजारच्या तारेंत शिरतो. तसेंच येथें होतें: धमनीचा ठोका वर्षानुवर्षें बसून मज्जातंतूचें आवरण झिजतें, आणि साध्या स्पर्शाचा संदेश वेदनेच्या तंतूंत उडी घेतो. असा दाब असूनहि ज्यांस शूळ नाहीं अशीं माणसें आढळतात, हें खरें. तेव्हां सर्व कोडें उलगडलें असें नव्हे.

जॅनेटाच्या पद्धतींत कांहींच तोडावयाचें नसतें. कानामागें जुन्या चांदीच्या रुपयाएवढें छिद्र पाडून रक्तवाहिनी हळूच बाजूस सारतात आणि ती व मज्जातंतु यांच्यामध्यें टेफ्लॉनच्या पिंजलेल्या तंतूंची लहानशी गादी ठेवतात. स्पर्शज्ञान बहुधा शाबूत राहतें.

पण हा गुण टिकतो किती दिवस? दुसऱ्या दिवशीं निर्भयपणें तोंड धुणाऱ्या रोग्याचें चित्र खरें असलें तरी अपुरें असतें. पिट्सबर्ग येथें वीस वर्षांत ही शस्त्रक्रिया झालेल्या ११८५ रोग्यांस दरवर्षीं प्रश्नपत्रिका धाडून त्यांची हकीकत गोळा करण्यांत आली. १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतांत दहा वर्षांनंतर शेंकडा ७० रोगी औषधावांचून वेदनामुक्त असल्याचें, आणखी शेंकडा ४ जणांस अधूनमधून कळ येत असल्याचें दिसलें. त्या काळांत शेंकडा ३० जणांचा शूळ परतला व शेंकडा ११ जणांवर पुन्हां शस्त्रक्रिया झाली. परतलेल्यांपैकीं बहुतेकांचा शूळ पहिल्या दोन वर्षांतच परतला. दहा वर्षें निभावल्यावर दरसाल शंभरांत एकाहूनहि कमी. म्हणजे रोग्यानें जीव मुठींत धरून काढावयाचीं तीं पहिलीं दोन वर्षें. जोखीमहि लपविण्याचें कारण नाहीं: दोन रोगी दगावले, एकास मेंदूच्या देठाचा पक्षाघातासारखा आघात झाला, आणि सोळा जणांचा त्या बाजूचा कान गेला.

जे वृद्ध आहेत किंवा ज्यांचें हृदय अशक्त आहे, त्यांच्यासाठीं गालांतून सुई घालून मज्जातंतु उष्णतेनें अंशतः जाळण्याचा मार्ग आहे. अंकारा येथील १६०० रोग्यांचा पंचवीस वर्षांचा अनुभव २००१ मध्यें छापला गेला. लगेच गुण आला तो शेंकडा ९७ हून अधिकांस. पण एकदांच उपचार झालेल्यांपैकीं पांच वर्षांनीं सुमारें ५८, दहा वर्षांनीं ५२ आणि वीस वर्षांनीं ४१ टक्केच वेदनामुक्त राहिले. सुईचा उपचार पुन्हां करतां येतो ही त्याची सोय. प्रत्येक वेळीं कांहीं बधिरता पदरीं येते ही त्याची किंमत.

पिट्सबर्गच्या कागदांत आणखी दोन गोष्टी आहेत, आणि घरांत असा रोगी असल्यास त्या विशेष पाहाव्या. आठ वर्षांहून अधिक काळ शूळ सोसून मग शस्त्रक्रियेस आलेल्यांत तो परतण्याचा संभव अधिक होता. आणि ज्यांचा मज्जातंतु पूर्वीं तोडला वा जाळला गेला होता, त्यांचा शूळ शस्त्रक्रियेनें इतरांइतकाच थांबला. मात्र चेहऱ्याची आग व ठणका त्यांच्या मागें अधिक राहिला. म्हणूनच प्रकृति धडधाकट असेल त्यास शस्त्रवैद्य पुष्कळदां आधीं कानामागील शस्त्रक्रिया सुचवितात आणि सुई मागाहूनसाठीं राखून ठेवतात.