विमानाने आलेला कोळसा

दुसरं महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती. २४ जून १९४८ रोजी सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. निमित्त झालं नव्या चलनाचं. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने आपल्या ताब्यातल्या जर्मनीत डॉइच मार्क आणला आणि बर्लिनच्या आपल्या भागातही तो सुरू केला. चहूबाजूंनी सोव्हिएत टापूने वेढलेल्या या शहरात वीस लाखांवर माणसं अडकली.

जमिनीवरच्या वाटांबद्दल लेखी करार नव्हता. हवाई मार्गांचा मात्र होता: नोव्हेंबर १९४५ मध्ये ठरलेले, प्रत्येकी ३२ किलोमीटर रुंदीचे तीन पट्टे. अमेरिकी जनरल ल्युशियस क्ले यांची तयारी सशस्त्र ताफा रस्त्याने घुसवण्याची होती. वॉशिंग्टनने ते टाळलं, हे जगाचं नशीबच. लेखी ठरलेली वाट वापरायची, असं ठरलं.

पण अख्खं शहर विमानाने पोसायचं कसं? आलेल्या मालात सुमारे दोन तृतीयांश निव्वळ कोळसा होता, पोत्यांत भरलेला. वजन वाचवायला बटाटे वाळवून आणले जात. मिठाने विमानाचा धातू गंजतो, म्हणून ब्रिटिशांनी पाण्यावर उतरणारी संडरलँड विमानं हाफेल नदीच्या तळ्यात उतरवली; खाऱ्या पाण्याला तोंड देण्यासाठीच ती बांधलेली होती. या सगळ्या हवाई वाहतुकीची सूत्रं होती विल्यम टनर यांच्याकडे. युद्धकाळात आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद पोचवण्याचं काम त्यांनी सांभाळलं होतं. त्यांचा नियम कडक: उतरणं एकदा हुकलं की दुसरा प्रयत्न नाही, मालासकट माघारी फिरायचं. त्यामुळेच मागची रांग कधी तुंबली नाही. एप्रिल १९४९ मध्ये एकाच दिवसात जवळपास १४०० फेऱ्या झाल्या.

रशियाने ही विमानं पाडली नाहीत. पाडली असती तर युद्ध पेटलं असतं आणि अणुबॉम्ब तेव्हा फक्त अमेरिकेकडे होता. बंदूक न झाडता समोरच्याला जोखायचं, ही शीतयुद्धाची रीत माझ्या मते इथेच पक्की झाली. तरीही अपघातांत शंभराच्या आसपास माणसं गेली. ती युद्धाच्या यादीत कधीच मोजली गेली नाहीत, हे मला खटकतं.

१२ मे १९४९ ला नाकेबंदी उठली. त्याआधीच, एप्रिलमध्ये, नाटो स्थापन झाली होती. भरवसा नसल्याने विमानं सप्टेंबरअखेरपर्यंत साठा भरत राहिली. ती उडत असतानाच, २९ ऑगस्टला, सोव्हिएत रशियाने आपला पहिला अणुबॉम्ब फोडला.