लाल कंधारी टिकेल ती दावणीवरच

अमेरिकेत एकेकाळी कोट्यवधींनी असलेला बायसन 1889 पर्यंत हजाराच्या आसपास उरला, असे विल्यम हॉर्नडे या प्राणिशास्त्रज्ञाने मोजून दाखवले. कातड्याचा व्यापार, रेल्वे आणि मूळ रहिवाशांचे अन्न तोडण्याचे लष्करी धोरण, अशी त्याची कारणे होती. 1894 मध्ये यलोस्टोनमधल्या शिकारीवर कायद्याने बंदी आली. 1905 मध्ये अमेरिकन बायसन सोसायटी निघाली आणि 1907 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातले 15 बायसन रेल्वेने ओक्लाहोमाच्या राखीव कुरणात पोचले. वन्यजीव रक्षणाच्या इतिहासात हे यश कायद्याच्या आणि संस्थेच्या नावावर मांडले जाते. पण त्याआधीच्या वाईट दशकांत मोजक्या पशुपालकांनी वासरे धरून कळप सांभाळले नसते, तर कायद्याला राखायला फारसे काही उरले नसते.

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा, कंधार, मुखेड या पट्ट्याच्या लाल कंधारी गोवंशाकडे याच नजरेने पाहायला हवे. इथे कुणी बंदूक रोखलेली नाही. ट्रॅक्टर आला, बैलाचे काम घटले आणि गोऱ्हा वाढवणे परवडेनासे झाले. गावात चांगला वळू नसला की गाय मिळेल त्या वळूकडे जाते, नाहीतर संकरित रेतन होते. जनावरांची संख्या तीच दिसते, जात मात्र पिढीगणिक विरळ होते. 2019 च्या पशुगणनेत देशातले देशी गोधन सुमारे 6 टक्क्यांनी घटले आणि विदेशी व संकरित सुमारे 27 टक्क्यांनी वाढले. बायसनच्या बाबतीतही पशुपालकांनी गायीशी संकर केले आणि आजच्या अनेक कळपांत गायीचा अंश सापडतो. त्यामुळे नुसते आकडे वाढले म्हणून जात वाचली, असे म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप दुधाचा. संकरित गाय कितीतरी जास्त दूध देत असताना शेतकऱ्याने तोटा का सोसावा? प्रश्न रास्त आहे आणि भावनेच्या आवाहनाने तो सुटत नाही. पण हिशेब फक्त दुधाच्या लिटरवर मांडला की ऊन सोसणे, कडब्यावर निभावणे आणि काळ्या रानात ओढकाम करणे हे गुण जमेच्या बाजूला येतच नाहीत. दुसरा आक्षेप असा की कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेत गोठवलेले वीर्य आहे, मग चिंता कशाला? वीर्य साठवता येते. ते ज्या गायीत भरायचे ती दावणीला हवी. तिसरा मुद्दा कायद्याचा. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. ती सगळ्या गोवंशाला सारखीच लागू होते, शुद्ध जातीला वेगळे बळ देत नाही. उलट म्हातारा बैल विकता येत नसेल, तर नवा गोऱ्हा वाढवण्याआधी शेतकरी दोनदा विचार करतो.

म्हणून पैसा दावणीपर्यंत पोचला पाहिजे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो आणि पशुप्रदर्शनही होते. तिथले बक्षीस एका देखण्या वळूपाशी संपू नये. नोंदणी असलेल्या गायीला शुद्ध कालवड झाली की पशुपालकाला ठरावीक रक्कम, वळू सांभाळणाऱ्याला चाऱ्याचा वार्षिक खर्च आणि गावाच्या दवाखान्यात लाल कंधारीचेच वीर्य, एवढी व्यवस्था त्या बक्षिसाला जोडावी. याला खर्च येईल. पण लोप पावत आलेली जात पुन्हा उभी करण्याच्या खर्चापुढे तो थोडाच ठरेल.