जपून ठेवण्याचा माल

नाशिक जिल्ह्यात पिंपळगावच्या बाजारात टोमॅटो आता प्लास्टिकच्या क्रेटमध्ये येतो, द्राक्षे पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जातात. बुरूड बांधवांच्या पाट्या आणि करंड्यांचा खप त्या मानाने फार आटला. वापरायच्या जिनसाची किंमत वापरापुरतीच असते. स्वस्त पर्याय आला की गिऱ्हाईक तिकडे वळते. पण हाताने बनवलेली तीच वस्तू गिऱ्हाईक वापरण्यासाठी नव्हे, जपून ठेवण्यासाठी घेऊ लागले तर? असा व्यापार परदेशात झाला आहे आणि आपल्या राज्यातही चालू आहे. त्याचा हिशेब आपल्या नेहमीच्या हिशेबापेक्षा वेगळा आहे.

अमेरिकेच्या ओहायो राज्यात ड्रेस्डेन नावाचे छोटे गाव आहे. तेथे लाँगाबर्गर कुटुंबात मॅपल लाकडाच्या पातळ पट्ट्यांच्या टोपल्या विणत. 1973 साली डेव्ह या मुलाने वडिलांच्या हुन्नराचा धंदा उभा केला. माल दुकानात मांडण्याऐवजी बायका आपल्या घरी शेजारणींना जमवून तो दाखवीत व विकीत. विणणारा कारागीर प्रत्येक टोपलीवर सही करी आणि तारीख घाली. ही सहीच मालाला चढली. लोक जुन्या टोपल्या मूळ किमतीच्या कितीतरी पट देऊन घेऊ लागले. 1997 साली कंपनीने सात मजली कचेरी बांधली, तीही कड्यांसकट टोपलीच्या आकाराची! 2000 साली विक्री शंभर कोटी डॉलरपर्यंत गेली, कामगार आठ हजारांवर होते. आणि 2018 साली कंपनी बंद पडली.

आवड बदलली, मंदी आली, बाहेरचा स्वस्त माल आला, ही कारणे सांगतात आणि ती खरीच आहेत. पण व्यापाऱ्याच्या नजरेला आणखी एक गोष्ट दिसते. आम्ही कापड विकतो. कापड झिजते, फाटते, म्हणून ईदेला तेच गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येते. जपून ठेवलेली टोपली मात्र झिजत नाही. दरवर्षी नवा माल निघत राहिला आणि जुना घरोघर कपाटात शाबूत राहिला. घरे भरली, तेव्हा सगळेच विकायला निघाले आणि भाव पडला. दुर्मीळ म्हणून विकलेला माल लाखांनी काढला तर तो दुर्मीळ राहील कसा?

आता आपल्याकडची पेढी पाहा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडीची चितार आळी लाकडी खेळणी, रंगीत लाकडी फळे आणि लाखकामासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. तिथला सर्वांत नाजूक जिन्नस म्हणजे गंजिफा, गोल आकाराचे, हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते. हा खेळ इराणकडून आला. 1527 साली बाबर बादशहाने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल संचात आठ रंग व 96 पाने. त्या रंगांची नावे ऐकली की व्यापारी माणसाला हसू येईल: ताज, शमशीर, गुलाम यांच्याबरोबर बरात आणि कुमाश. बरात म्हणजे पैसे देण्याचा रुक्का आणि कुमाश म्हणजे मालमत्ता, उर्दूत तर कापडच! सावंतवाडीला दशावतारी संच चालतो, दहा रंग आणि 120 पाने. जुन्या रीतीत कापडाला चिंचोक्याची खळ देऊन पान घडवीत, त्यावर खडूचा लेप देऊन दगडाने घोटत. मालेगावच्या विणकराला ही खळ नवी नाही.

छापील पत्ते आले आणि गंजिफा मोडीत निघाला. 1970 च्या सुमारास सावंतवाडीत तो बनवणारे पुंडलिक चितारी हे एक वृद्ध कारागीर उरले होते. संस्थानिक शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून विद्या घेतली, राजवाड्यातच कारखाना काढला, तरुण चित्रकार तयार केले. राणीसाहेब स्वतः रंगवायला बसत. शिवरामराजे 1995 साली आणि सत्त्वशीलादेवी 2018 साली वारल्या, तरी घरची पुढची पिढी काम चालवते. दरबार हॉलमध्ये कारागीर रंगवत बसलेले गिऱ्हाइकाला समोर दिसतात. माझ्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी जाहिरात आहे. पान कसे बनते हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस भावाची घासाघीस करीत नाही.

शिवाय एकशेवीस पाने हाताने रंगवायची म्हटल्यावर माल आपोआपच मोजका निघतो. म्हणून केवळ गंजिफ्यावर पेढी चालत नाही. पाट, डबे, पेट्या, खेळणी हा रोजच्या खपाचा माल सोबत असतो. चूल त्यावर पेटते, नाव गंजिफ्याने होते.

2024 साली सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना व गंजिफ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या येवल्याच्या पैठणीला ते आधीच आहे. एक बाब मात्र पुष्कळ कारागीर विसरतात. मानांकन संस्थेच्या नावाने मिळते. प्रत्येक कारागिराने 1999 च्या कायद्याप्रमाणे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची वेगळी नोंद करायची असते. अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो, नोंद दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. आपल्या मालावर नाव, गाव आणि तारीख घालायला मात्र कोणाच्याही परवानगीची गरज नाही.