हळदीचा वायदा आणि ऑप्शन : आधी हिशेब, मग सौदा



आपल्या उसाला एफआरपीचा आधार आहे, हळदीला तसा सरकारी हमीभाव नाही. कुपवाड-मिरज भागात उसाच्या फेरपालटात हळद करणारा सभासद सांगलीच्या सौद्यात निघेल तो भाव पदरात घेतो. पूर्वी लोक हरिपूरच्या पेवात माल ठेवून भावाची वाट बघायचे. २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी केली.

एनसीडीईएक्स बाजारात २००४ साली हळदीचा वायदा सुरू झाला. लॉट ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटल. समजा, एप्रिलच्या वायद्याचा भाव १४,००० आहे (आकडा नुसता हिशेबापुरता) आणि तुम्ही एक लॉट विकला. भाव १५,००० झाला की खात्यातून ५०,००० गेले! घरची हळदही महागली, त्यामुळे शेवटी हिशेब बसतो. पण वायद्याची तूट रोजच्या रोज रोखीने भरायची, आणि हळद तर अजून शिजवायची, पॉलिश करायची आहे. रक्कम भरली नाही की दलाल सौदा कापतो. गोम इथंच आहे. शिवाय या वायद्याचे मुख्य केंद्र निजामाबाद. तिथला भाव आणि आपल्या राजापुरीचा भाव पायात पाय घालून चालतीलच असे नाही.

ऑप्शनमध्ये विकण्याचा नुसता हक्क घेता येतो, त्याला 'पुट' म्हणतात. क्विंटलला ३०० प्रीमियम धरला तर लॉटला १५,००० खर्च. भाव ११,००० वर आला तर १४,००० चा हक्क वापरा. वाढला तर हक्क सोडा, हळद चढ्या भावाने विका. पीक विम्याच्या हप्त्यासारखंच हे. मात्र हा हक्क जो दुसऱ्याला विकतो त्याला मिळतो फक्त प्रीमियम, तोटा त्याच्या कितीतरी पट होऊ शकतो. नवख्याने तिकडे फिरकू नये. आणि प्रत्येक मालाच्या ऑप्शनला गिऱ्हाईक असतंच असंही नाही, आधी चौकशी करा.

खरी काळजी वेगळीच. उसाचं बिल जमा झालं की काही तरुण मंडळी मोबाईलवर निफ्टीचे ऑप्शन घेत बसतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेली माहिती बघा : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरबाजाराच्या वायदे-ऑप्शनमध्ये १०० पैकी ९३ जण तोट्यात गेले, सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपये. हळदवाल्याच्या घरात निदान माल तरी असतो.

दलालाची सेबीकडे नोंदणी आहे का, ते सौद्याआधी तपासा. चिठ्ठीवर चालणारा 'डब्बा' बेकायदा आहे, तिथे पैसे बुडाले तर बाजाराकडे दाद मागता येत नाही.