ड्युटी कोण लावतं?

कामाची जागा आणि मन : लेखांक ६

आज ऑफिसातली टेबलं सोडून वाईच्या एसटी स्टँडवर जाऊ. मनाला पोखरणारे कामातले धोके नेमके कुठे दडलेले असतात, हे तिथे जितकं उघड दिसतं तितकं वातानुकूलित इमारतीत दिसत नाही.

वाईहून पाचगणी जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण मध्ये पसरणी घाट. शनिवार-रविवारी महाबळेश्वरला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या वळणावळणावर अडकतात. गाडीला उशीर झाला की पुढच्या फेरीची वेळ हुकते, जेवणाची सुट्टी त्यातच जिरते, आणि स्टँडवर खोळंबलेली माणसं पहिलं तोंडसुख घेतात ते चालक-वाहकावर. घाट त्यांनी अडवलेला नसतो, वेळापत्रक त्यांनी आखलेलं नसतं. उत्तर मात्र त्यांनीच द्यायचं.

रॉबर्ट कारासेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ मध्ये नेमकी हीच गोष्ट मांडली. काम जड आहे, एवढ्याने माणूस खचत नाही. काम जड, आणि ते कधी व कसं करायचं यात आपल्याला काडीचा शब्द नाही, ही जोडी घातक. बस चालवणं हे त्याचं ठळक उदाहरण. त्याआधी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवर जेरी मॉरिस यांनी दाखवलं होतं की चालकांना वाहकांपेक्षा हृदयविकार जास्त होतो. वाहक दिवसभर जिना चढतात-उतरतात, चालक बसून असतो, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे त्यांनी गणवेशांची मापंही तपासली. चालकांच्या कमरा मोठ्या निघाल्या.

आमच्या वाहकाला जिना नाही, गर्दी आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. योजना चांगल्याच, खेड्यातल्या बाया त्यामुळे माहेरी आणि दवाखान्यात जास्त मोकळेपणाने जाऊ लागल्या. पण वयाचा पुरावा मागायचं काम वाहकाच्या गळ्यात पडलं. ‘‘आज्जी, आधार कार्ड दाखवा.’’ ‘‘या वयात खोटं बोलती व्हय रं मी?’’ मागून कोणीतरी, ‘‘ओ, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास देताय?’’ कार्ड न बघता तिकीट फाडलं आणि पुढच्या थांब्यावर तपासणी पथक चढलं, तर जबाब वाहकाने द्यायचा. त्यात सुट्ट्या पैशांची हुज्जत रोजचीच. दिवसभरात अशा कितीतरी चकमकी, आणि प्रत्येक वेळी आवाज खाली ठेवायचा. आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींचा अभ्यास करून याला भावनिक श्रम म्हटलं. पगारपत्रकात त्याचा रकाना नसतो.

मग मुक्कामी गाडी. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम ठरवलं आणि एका दिवसाची ड्युटी संपून दुसरी सुरू होईपर्यंत सलग ९ तास विश्रांती घालून दिली. आता समजा, जोर खोऱ्यातल्या टोकाच्या गावी गाडी रात्री साडेनऊला पोचली आणि पहाटे साडेपाचला सुटायची आहे. झाले आठच. त्यातून दिवसाचा हिशेब, जेवण, अंथरूण घालणं, पहाटेचं आवरणं वजा करा. झोप किती उरली ते वाचकांनीच मोजावं, आणि त्या झोपेवर धोम धरणाच्या कडेकडेने गाडी आणणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा.

इथे संतोष माने प्रकरण टाळता येणार नाही. २५ जानेवारी २०१२ रोजी या चालकाने स्वारगेट आगारातून एसटी बाहेर काढली आणि पुण्याच्या रस्त्यांवर ९ जणांचा जीव गेला. रात्रीची ड्युटी बदलून मागितली आणि ती नाकारली गेली, ही बाब खटल्यात आली. वेडेपणाचा बचाव न्यायालयांनी मानला नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. ड्युटी बदलून मिळाली नाही म्हणून नऊ जीव गेले असं म्हणणं हा मेलेल्यांचा अपमान ठरेल, मी तसं म्हणत नाही. पण लोकांत चर्चा रंगली ती ‘तो वेडा होता का’ एवढ्याचीच. ड्युटी बदलून मागायची रीत काय, नाही म्हणणाऱ्याने कारण द्यायचं की नाही, वर दाद कुठे मागायची, हे फारसं कोणी विचारलं नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. घोषणा एसटीच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची होती, पण तळाशी खदखद होती पगाराची. पगार पुढे ढकलला जातो, कर्जाचा हप्ता ढकलता येत नाही. त्या काळात काही कर्मचाऱ्यांनी जीवन संपवल्याच्या बातम्या आल्या. एकेका मृत्यूचं कारण लांबून ठरवू नये, तरी पगाराची अनिश्चितता हा मनाला असलेला धोकाच आहे, हे मात्र नि:शंक.

कामाच्या जागचं मानसिक आरोग्य सांभाळण्यासाठी २०२१ मध्ये आयएसओ ४५००३ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आली. तिचा रोख असा : आधी काम सुधारा, माणसाला सावरण्याचे उपाय त्याच्या जोडीला. आगारात याचा अर्थ साधा आहे. कामगिरीचं रोटेशन आधीच फलकावर लावा, म्हणजे मर्जीतल्याला सोपी फेरी आणि नावडत्याला मुक्कामी, ही कुजबुज थांबते. दोघांची तयारी असेल तर अदलाबदल होऊ द्या. घाटातल्या फेऱ्यांना शनिवार-रविवारी जास्त वेळ धरा. मुक्कामाच्या जागी पाणी, पंखा, शौचालय आणि कडी लागणारं दार असू द्या. महिला वाहकांसाठी तर याविना बाकी सगळं बोलणं फोल आहे. प्रवाशाने हात उगारला, तर वाहकाला त्याच दिवशी पुढच्या गाडीवर पाठवू नका. योगाचं शिबिर वाईट नाही, पण झोप पाच तासांवर आणून वर प्राणायाम शिकवणं ही थट्टा झाली.

हे होईपर्यंत ज्याला आजच असह्य होतंय त्याने १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक फिरवावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा मोफत सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. आणि ड्युटी बदलून हवी असेल तर साहेबांना तोंडी गाठण्यावर थांबू नये. अर्ज लेखी द्यावा, तारीख टाकावी, पोच घेतलेली प्रत घरी ठेवावी.

(पुढील आठवड्यात : साखर कारखान्यातली रात्रपाळी)